एका रंगाच्या मासळ्या

नदीकाठच्या एका गावात एक तरुण मच्छीमार राहत होता. मुरार त्याचं नाव. हात कामाला चपळ, पण स्वभाव भारी लाजाळू. कुणी सहज "जेवलास का रे?" असं विचारलं, तरी त्याचे कान लाल व्हायचे.

त्या गावात एक जुनी रीत होती. लग्न करून आणलेली सून आधी घरी जात नसे, डोहावर जात असे. तिथे तिच्या हातात लाकडी मासळ्यांची पेटी द्यायची. तिने त्यातली एक मासळी काढून नवऱ्याला द्यायची, त्याने ती दोरीला बांधून डोहात सोडायची, आणि मोठा मासा बाहेर आला की मगच सुनेने घराचा उंबरठा ओलांडायचा. तोच मासा त्या दिवशी पंगतीला असायचा. दिवस मावळेपर्यंत मासा लागला नाही, तर सून आल्या गाडीने माहेरी परत जायची. मग पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाट बघायची.

या मासळ्या म्हणजे लाकडाचे कोरलेले छोटे मासे. पोटात थोडं शिसं भरलेलं, शेपटीला गळ. खरा मासा त्यांना भुलून तोंड मारतो. पण सगळ्या मासळ्या सारख्या नसतात. काही पाण्यावरच तरंगतात, काही दगडासारख्या थेट तळाला जातात, आणि काही डुलत डुलत, सावकाश उतरतात. त्या डोहातले मोठे मासे मधल्या पाण्यात, खडकाच्या सावलीत असायचे. त्यांच्यासाठी सावकाश उतरणारी मासळीच हवी.

मुरारच्या मासळ्या त्याच्या आजोबांनी कोरलेल्या होत्या. आजोबा गेले, पण खूण ठेवून गेले. तरंगणारी पांढरी, तळाला जाणारी काळी आणि सावकाश उतरणारी पिवळी. आता ते रंग जुने झाले होते, टवके उडाले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी मुरारला वाटलं, नवी बायको पहिल्यांदा ही पेटी उघडणार, तेव्हा मासळ्या कशा नव्या दिसायला हव्यात! म्हणून त्याने हौसेने सगळ्याच मासळ्यांवर लालभडक रंग चढवला.

दुसऱ्या दिवशी वरात वाजतगाजत डोहावर आली. सुनेने पेटी उघडली आणि ती हरखून म्हणाली, "अगंबाई, किती सुरेख!"

मुरारने आत पाहिलं आणि तो एकेक मासळी उलटसुलट करून बघू लागला. सगळ्या लाल! पांढरी कुठली, काळी कुठली, पिवळी कुठली, काही म्हणता काही कळेना.

सुनेने हाताला आली ती मासळी दिली. मुरारने ती डोहात टाकली. ती थेट तळाला गेली आणि बुडालेल्या झाडाच्या मुळांत अडकली. ओढता ओढता दोरीच तुटली. दुसरी टाकली, ती पाण्यावर तरंगत राहिली. बोटभर मासे येऊन तिला ढुशा देऊ लागले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"अरे भाच्या, हो बाजूला!" मुरारचे मामा पुढे आले. त्यांनी उरलेल्या मासळ्या तळहातावर तोलल्या. "कोळ्याच्या हाताला वजन कळतं. ही जाड आहे ती जड, ही बुडणार. ही बारकी हलकी आहे, ही सावकाश उतरणार. टाक ही."

मुरारने ती बारकी मासळी टाकली. ती सुळकन तळाला गेली आणि तीही मुळांत अडकून गेली.

"असं कसं झालं?" मामा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "आज पाणीच काही खरं नाही."

सूर्य कलायला लागला. पंगतीला बसायची मंडळी झाडाखाली पोटावर हात ठेवून बसली. सुनेचा भाऊ उठला आणि परतीसाठी गाडीला बैल जुंपू लागला. त्याचं गाव लांब होतं, माळरानापलीकडे. मुरारने ते पाहिलं. या मुलीशी तो अजून धड एक वाक्य बोलला नव्हता, आणि आता ती निघून जाणार होती.

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "अहो, मला मासळ्यांतलं काही कळत नाही. पण एक विचारू?"

मुरारने मान हलवली.

"आमच्याकडे पेरणीआधी बियाणं पाण्यात टाकून बघतात. हातात घेतलं तर सगळे दाणे सारखेच वाटतात. पाण्यात टाकले की पोचट वर येतात, भरलेले खाली जातात. तसं या मासळ्यांचं बघता नाही का येणार? तिकडे पायऱ्यांपाशी पाण्याचा तळ दिसतोय."

तिने जिकडे बोट दाखवलं, ती गावाची धुणं धुवायची जागा होती. कमरेएवढं पाणी, काचेसारखं नितळ.

"धुण्याच्या पायऱ्यांवर गळ?" मामांनी कपाळाला हात लावला. "सूनबाई, तिथे पोरंसोरं खेळतात! आमच्या सात पिढ्यांत कुणी मासळी अशी तपासून पाहिली नाही. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायलाही लागले होते. "काय नवरदेव, तिथे धोतर लागणार का गळाला?" एकाने विचारलं आणि हशा पिकला.

मुरारचे कान लाल झाले. त्याला वाटलं, डोळे मिटावेत, पेटीतली एखादी मासळी उचलावी आणि डोहात टाकून मोकळं व्हावं. लागली तर लागली. पण त्याने पुन्हा बैलांकडे पाहिलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी रंग दिला, खुणा माझ्याच हाताने पुसल्या. आता मला ओळखता येत नाही. म्हणून बघतो."

एवढं तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलला होता. तो पायऱ्या उतरून खाली बसला. शेजारी सून बसली. त्याने एका मासळीला दोरा बांधला.

"पण किती हळू उतरते ते मोजायचं कशाने?" मुरारने विचारलं.

वरून एक आजीबाई ओरडल्या, "उखाण्याने मोजा! सूनबाईने नाव कुठे घेतलंय अजून?"

"घ्या, घ्या!" सगळ्या बायका पायऱ्यांवर धावल्या.

सून लाजली, पण तयार झाली. मुरारने मासळी सोडली.

"पिवळ्या रानातून..." एवढं म्हणेपर्यंत मासळी तळाला टेकली.

"ही काळी!" मुरार म्हणाला आणि त्याने ती बाजूला ठेवली.

दुसरी मासळी सोडली. "पिवळ्या रानातून आले मी..." मासळी वरच तरंगत होती. सून गप्प बसली.

"अगं, पुढे बोल की!" बायका म्हणाल्या.

"ती खाली गेल्याशिवाय कशी बोलू?" सून म्हणाली. आता हसणाऱ्यांत मामाही होते.

मग मुरारने ती जाड मासळी सोडली. मामांनी बुडणारी म्हटलेली. ती एका अंगावर कलली आणि डुलत, झुलत, जणू खरी मासळीच फिरायला निघावी तशी खाली निघाली. सुनेचा आवाजही तिच्याबरोबर सावकाश झाला.

"पिवळ्या रानातून आले मी हिरव्या पाण्याकाठी, मुराररावांचं नाव घेते..."

मासळी अजून उतरतच होती.

"...जन्माच्या गाठीसाठी!"

आणि मासळी अलगद वाळूवर टेकली. पायऱ्यांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरारचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तो हसत होता.

मामा वाकून बघत म्हणाले, "जाड लाकूड पाण्यात टेकू देतं म्हणायचं. हातावर जड, पाण्यात हलकी!"

मुरार पळतच डोहावर गेला. मासळी खडकाच्या सावलीत डुलत उतरली. सगळे काठाशी वाकून बघत होते. दोरीला हिसका बसला. मुरारने ओढलं, दोरी ताणली, पाणी उसळलं आणि हातभर लांबीची मरळ तडफडत काठावर आली. ताशेवाल्यांनी ताशे बडवले. सुनेच्या भावाने हसत हसत बैल सोडून चाऱ्याला लावले.

दिवस मावळायच्या आत सुनेने उंबरठा ओलांडला. चुलीवर कालवण रटरटू लागलं, पंगत बसली, आणि मुरारच्या पानात वाढताना सून म्हणाली, "अजून घ्या." तो म्हणाला, "तू पण बस." ते ऐकून आजूबाजूचे सगळे मुद्दाम खोकू लागले.

जेवणं उरकल्यावर मामा घरी जाऊन आले. काखेत त्यांची स्वतःची पेटी होती. इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज हळू केला. "सूनबाई, उद्या सकाळी पायऱ्यांवर येशील का गं? माझ्याही जरा बघू या. इतकी वर्षं मी नुसता अंदाजानेच टाकतोय."

तात्पर्य: आपल्याला ठाऊक नाही हे मोकळेपणी सांगून जो खात्री करून घेतो, त्याचं हसं घटकाभरच होतं, पण जो अंदाजावर विसंबतो, तो हातचंही गमावतो.