गोजरामावशीची तीट

जेव्हा जेव्हा पृथ्वीवर अहंकाराचा भार असह्य होतो, तेव्हा तेव्हा संत आपली समाधी सोडून भक्तांच्या हाकेला धावून जातात. कोंडोबा महाराज आंबेसरीला आले ते मात्र बैलगाडीचे चाक मोडल्यामुळे. जायचे होते आलेवाडीला. सुतार म्हणाला, "आज करून देतो." आंबेसरीचा सुतार आज म्हणाला, की आठवडा धरायचा. तेव्हा महाराज मारुतीच्या पारावर टेकले आणि गावाचे भाग्य उजळले.

पारावरून बाजारतळ दिसे. ज्यांना घर नाही, गाव नाही, अशी माणसे तिथे फाटक्या पालांखाली पडून असत. महाराजांनी पाहिले, तर प्रत्येकाच्या गालावर काजळाची तीट! दाढी पोटापर्यंत आलेली आणि वर तान्ह्या बाळासारखा काळा ठिपका.

"हा कोणता पंथ?" महाराजांनी विचारले.

"पंथ कसला, बाबा," एक म्हातारा लाजून म्हणाला, "गोजरामावशीनं न्हाऊ घातलं."

गोजरामावशी म्हणजे गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणारी बाई. निम्मे गाव तिच्या पायांवर पालथे पडून रडलेले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती अंगणात हंडाभर पाणी तापवी आणि या माणसांना बोलावून आणी. बायकांना कुडाचा आडोसा; पुरुष लंगोट लावून दगडावर बसत. शिकेकाईने डोके, वजरीने घासून टाचा आणि शेवटी गालाला तीट.

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी महाराज तिच्या अंगणात गेले. "बाई, न्हाऊ घालतेस ते कळलं. तीट कशाला?"

गोजरा चुलीत लाकडे रचत होती. ती म्हणाली, "माझी मथू पाच वर्षांची होती, बाबा. जत्रेत हात सुटला. शोधत परगावी पोचले, तोवर तापानं गेली होती. धर्मशाळेच्या ओट्यावर निजवली होती. मला वाटलं, लेकरू धुळीत पडलं असेल. पण ऊन पाण्यानं न्हाऊ घातलेलं होतं तिला. केस विंचरलेले. गालाला तीट. ओट्यावर राहणारी एक भिकारीण होती म्हणे. शेवटपर्यंत मांडीवर घेऊन बसली आणि गेली पुढं. नाव ठाऊक नाही, गाव तर तिला नव्हतंच. तिचे उपकार मानायला मी कुठं जाऊ? म्हणून ज्याला घर नाही, त्याला न्हाऊ घालते. ती जसं करून गेली, तसंच."

महाराजांनी डोळे पुसले. धूर फार होतो म्हणाले. चूल अजून पेटायची होती.

चूल पेटली, पाणी तापले, माणसे जमली, तोच भगवंतराव इनामदार आले. गावातली एकमेव बारमाही विहीर त्यांची, आणि उरलेले गावही आपलेच, असा त्यांचा समज. त्यांचे वडील तात्यासाहेब काशीला गेले, म्हणून त्यांनी दिवाळीत पेढे वाटले होते. तात्यांना अलीकडे घरची माणसेही ओळखू येत नव्हती, मग ते काशीला कसे गेले, हे पेढा तोंडात असल्यामुळे कुणी विचारले नाही.

"काय गोजरा, न्हाली का तुझी बाळं?" इनामदार हसले. "आणि यांना गं कुणाची दृष्ट लागणार? गाढवांची?" बरोबरची मंडळीही हसली. "माझ्या विहिरीचं पाणी या घाणीवर ओततेस. आजपासून बंद!"

"मालक, आज मथूचा दिवस आहे. आजच्यापुरतं तरी..."

"हंड्यात आहे तेवढं वापर. एक जरी कोरडा राहिला, तर पुन्हा चूल पेटवायची नाही. महाराज साक्षीला आहेत."

"आहे," महाराज म्हणाले. "पण शेवटचा माणूस न्हाईपर्यंत तुम्हीही हलायचं नाही."

हंडा एक आणि माणसांनी भरलेले अंगण. गोजरा पुन्हा पुन्हा माणसे मोजू लागली. हे न्हाऊ घालणे गेले तर मथूसाठी करण्यासारखे तिच्यापाशी काय उरणार होते? महाराजांनी हात उंचावला नाही की मंत्र म्हटला नाही. "झाकण ठेव गं, पाणी निवतंय," एवढेच म्हणाले.

तांब्यामागून तांब्या निघू लागला. माणसे न्हाऊन, तीट लावून, उन्हात लखलखत बसली. इनामदारांनी हंड्यात डोकावले. पाणी होते तिथेच! पुन्हा डोकावले, तर वाफेने नाक पोळले. हंड्याला तळ असतो, हा गावाचा आजवरचा अनुभव त्या दिवशी खोटा ठरला. धन्य ती माउली!

"झाले सगळे?" इनामदारांनी पडेल आवाजात विचारले.

"एक राहिला," महाराज म्हणाले. "सकाळी तुमच्या विहिरीवर पाणी प्यायला आला होता. 'हाकला हे भूत' म्हणालात ना?"

कुंपणाआड बसलेल्या एका म्हाताऱ्याला महाराजांनी हाताला धरून आणले. केसांच्या जटा, अंगावर चिखलाचे थर. गोजराने त्याला दगडावर बसवले आणि ऊन पाणी सोडले. चिखल वाहिला. कपाळ दिसले. मग ते नाक दिसले, जे आंबेसरीने पिढ्यान्‌पिढ्या वर केलेलेच पाहिले होते. गोजराने गालाला तीट लावली. म्हाताऱ्याने इनामदारांकडे निरखून पाहिले.

"बंड्या," तो म्हणाला, "कानामागं धुतलंस का रे?"

कुणी हसले नाही.

"तात्या!" इनामदार ओरडले. तात्या काशीला गेलेच नव्हते. भान हरपून घरातून निघून गेले होते. घराण्याची अब्रू जाईल म्हणून इनामदार चोरून शोध घेत राहिले, आणि सापडले तेव्हा स्वतःच हाकलून बसले. त्यांनी गोजराचे पाय धरले.

"उठा मालक," गोजरा म्हणाली. "माझ्या मथूला कुणी न्हाऊ घातलं, ते मला कधी कळलं नाही. तुम्हाला निदान कळलं."

इनामदारांनी पागोटे महाराजांच्या पायांशी ठेवले. "महाराज, विहीर आजपासून हिची. इथं दगडी न्हाणीघर बांधतो, वर कळस चढवतो, तुमची पालखी काढतो! आज्ञा करा!"

महाराजांनी हंड्यात पाहिले.

"गोजरा, पाणी कढत आहे का गं अजून?"

"आहे, बाबा."

"मग माझीही उरकून टाक. चाक मोडल्यापासून आंघोळ राहिलीय. तीट तेवढी बारीक लाव. आलेवाडीला कीर्तन आहे."