एकोणीस तारखेची रात्र

"...मग शुक्रवारी किल्ली कुणाच्या हातात देणार, तेवढं तरी सांगा. माझ्या की तुमच्या पुतण्याच्या?"

सुगंधा हा प्रश्न आठवड्यात चौथ्यांदा विचारत होती.

दाऊदचाचा भिंग पुसत राहिले.

जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाचांचा घड्याळदुरुस्तीचा खोका होता. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेरच्या बाकावर बसायचं. चाळीस वर्षं चाचांनी तिथं घड्याळं उघडली आणि मिटली. आता एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि चिमटा धरला की हात थरथरायचा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की खोका कुणाच्या तरी हवाली करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुतण्याला तिथं मोबाइलची कव्हरं लटकवायची होती.

सुगंधाला तिथं घड्याळं उघडायची होती.

पाच वर्षं ती चाचांशेजारी बसत होती. त्याआधी काजूच्या फॅक्टरीत होती. काजूबीच्या चिकानं काळी पडलेली बोटं उजळायलाच एक वर्ष गेलं. गावात घड्याळाचं दुसरं दुकान नव्हतं. खोका गेला तर पुन्हा फॅक्टरीच, हे तिला ठाऊक होतं आणि चाचांनाही.

तिचा हात चांगला होता, हे कुणीही कबूल केलं असतं. अडचण एवढीच, की ते तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. आयटीआयच्या परीक्षेत ती पहिली आली होती आणि गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी हे त्याला कळायचंच.

चाचांनी खणातून एक घड्याळ काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"जैनबखालाचं आहे. हे लाव."

"एवढंच?"

"एवढंच."

सुगंधाला हसू आलं. पाच वर्षं शिकलेल्या बाईची ही परीक्षा!

घड्याळ जाडजूड होतं. स्टीलचा पट्टा, मोठी डायल, तीनच्या जागी तारखेची खिडकी. खाली आणखी एक छोटी डायल होती, तिची चावी वेगळी, डाव्या अंगाला. जैनबखालाचा नवरा मस्कतला बावीस वर्षं गॅरेजमध्ये होता. मोठ्या डायलमध्ये घरची वेळ, छोटीत तिथली. दीड वर्षापूर्वी तो तिकडेच वारला आणि त्याच्या बॅगेतून हे घड्याळ घरी आलं.

खाला बाहेरच्या बाकावरच बसली होती. सुगंधानं मान बाहेर काढली.

"खाला, छोट्या डायलमध्ये पण इथलीच वेळ लावते हं. मस्कतला आता कोण आहे आपलं?"

खालानं ओढणी सारखी केली.

सुगंधानं झाकण उघडलं, सेल बदलला. सेकंदकाटा टुकटुक चालू लागला. तिनं चावी एक खटका बाहेर ओढली. तारीख दाखवत होती एकोणीस, आज होती आठ. ती झरझर फिरवायला लागली.

कट्...

बारीकसा आवाज. खिडकीत एकोणीसचा अर्धा आकडा आणि विसाचा अर्धा, असे दोन्ही अडकून बसले.

सुगंधानं चावी पुन्हा फिरवली. चावी फिरत होती, आकडे मात्र ढिम्म हलत नव्हते.

"दात मोडला," चाचा म्हणाले. त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"पण चुकलं काय माझं?" तिचा आवाज चढला. "रात्री नऊ ते पहाटे तीन, तारखेला हात लावायचा नाही. नियम पाठ आहे मला. आता सकाळचे साडेदहा वाजलेत!"

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? सगळ्यांचेच. रस्त्यावर ऊन पडलंय, दिसत नाही का..."

तिनं जीभ चावली.

चाचा मात्र हसले. "ऊन दिसतं मला अजून. घड्याळात किती वाजले होते?"

"अकरा वीस."

"दिवसाचे की रात्रीचे?"

"बंद होतं ते, चाचा. बंद घड्याळाला कसला आलाय दिवस आणि कसली रात्र?"

"हे तुला घड्याळानं सांगितलं?"

पुढचं चाचांनी सांगायची गरज नव्हती. तारीख बाराच्या ठोक्याला एकदम बदलत नाही. आतलं चाक तीन तास आधीपासून तारखेच्या दातात दात घालून बसतं आणि तिला हळूहळू ढकलत आणतं. तेवढ्यात बाहेरून जोर केला की काहीतरी मोडणारच. आणि त्या चाकाला रस्त्यावरचं ऊन दिसत नाही. हे सगळं तिनं परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. रात्र कुणाची, हे तिथं कुणी विचारलं नव्हतं.

"काटे पुढं नेऊन बघायचं होतंस," चाचा म्हणाले. "बाराला तारीख हलली तर मध्यरात्र. नाही हलली तर दुपार."

"हो."

"नाहीतर खालाला विचारायचं."

"खालाला काय कळतंय घड्याळातलं?" ती पुटपुटली.

खोका तो केवढा! बाक हाताच्या अंतरावर होता.

"रात्रीच बंद पडलं गो," बाहेरून खाला म्हणाली. "गेल्या महिन्याच्या एकोणीसला. मी जागीच होते."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"उशाशी डब्यात ठेवलेलं. स्टीलचा डबा, मोठ्यानं वाजायचं आत. दीड वर्ष ते ऐकत झोपले मी. त्या रात्री एकदम... गप्प. लाइट लावला, बघितलं, तर अकरा वीस."

"मग लगेच का नाही आणलंत, खाला? वीस दिवस झाले."

खाला जेटीकडे बघत होती.

"उठवतच नव्हतं गो."

सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळाचं राहू दे, ते दुरुस्त होईल. मघाशी मान बाहेर काढून आपण काय बोललो, ते तिला आता ऐकू आलं.

दात आधीच झिजला होता, असं म्हणता आलं असतं. घड्याळ जुनं होतं आणि खालानं विश्वासही ठेवला असता. सुगंधाच्या मनात ते येऊन गेलं, ती काही देवी नव्हती. पण मग तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि झाकण पुन्हा उघडलं. चाचांनी मदतीला हात पुढं केला नाही, घड्याळही काढून घेतलं नाही.

दहा मिनिटं तिनं मान वर केली नाही. तारीख पटकन फिरवणाऱ्या चाकाचा दात तुटला होता. तुकडा आत सापडला, चिमट्यानं तिनं तो बाहेर काढला. मध्यरात्री तारीख ढकलणारं चाक मात्र धड होतं. अडकलेला आकडा तिनं हलक्या हातानं पुन्हा एकोणीसवर बसवला.

झाकण लावून ती बाहेर आली आणि बाकावर खालाशेजारी बसली.

"खाला, एक चाक माझ्या हातून मोडलं. चूक माझी आहे."

"बरं."

"नवीन चाक मुंबईहून मागवते. आठ दिवस लागतील. तोवर घड्याळ चालेल. पण तारीख झटक्यात पुढं नेता यायची नाही. काटे फिरवून न्यायला लागेल, एकेक दिवस. वीस दिवस आहेत. मी बसते फिरवत."

खालानं हात पुढं केला.

"दे हिकडं."

"अंगठा दुखेल, खाला."

"दुखू दे."

सेकंदकाटा बारावर आला तशी सुगंधानं चावी दोन खटके बाहेर ओढून दिली. खाला फिरवू लागली. काटे बाराशी आले, खिडकीतला आकडा सरकला.

"वीस," खाला म्हणाली. "विसाला काही नाही केलं मी. भात ठेवला, तो करपला."

मोठा काटा गरगर फिरत राहिला. दुपार झाली, आकडा हलला नाही. पुन्हा बारा वाजले.

"एकवीस. लेकीचा फोन आला होता, रेहानाचा. उचलला नाही."

"बावीस... पडून होते."

"तेवीस. तेच."

एक जण पट्टा बदलायला आला. चाचांनी त्याला संध्याकाळी ये म्हणून वाटेला लावलं.

खालाचा अंगठा थांबायचा, ती तो ओढणीत दाबायची, पुन्हा फिरवायची. सुगंधाचे हात नुसते शिवशिवत होते. तिनं हेच काम अर्ध्या वेळात केलं असतं. दोनदा "द्या खाला, मी" असं तिच्या तोंडावर आलं. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. पाच वर्षांत एवढं अवघड काम तिला कधी पडलं नव्हतं.

सव्वीसवर खाला अडली.

घड्याळ हातात तसंच होतं. चावी बाहेर, काटे थांबलेले. रस्त्यावरून बर्फाची गाडी जेटीकडे गेली. मग परत शांत.

सुगंधानं विचारलं नाही.

"...सव्वीसला मी त्यांचे शर्ट काढले," खाला म्हणाली. "बॅगेत होते तसेच दीड वर्ष. धुतले सगळे. दोरीवर घातले."

"मग?"

"मग काय. वाळले."

तिनं पुन्हा चावी धरली. आता तिचा अंगठा थांबत नव्हता. एकतीस आले, मग एक आला, मग दोन, तीन. दिवसाला काय केलं ते ती सांगत होती, कधी शब्दात, कधी नुसती मान हलवून. पाच तारखेला रेहाना स्वतःच येऊन आईला ओरडून गेली होती. सातला शेजारणीनं बांगड्याचं कालवण दिलं होतं.

"आठ," खाला म्हणाली. "आज."

"काटे अजून थोडे, खाला. सकाळपर्यंत आणा. पावणेबारा वाजलेत."

खालानं ते तिथवर आणले. अंगठा लाल झाला होता. घड्याळ तिनं सुगंधाच्या हातात दिलं.

सुगंधानं सेकंदकाटा बारावर थांबवलेला आहे ना ते पाहिलं, मिनिटकाटा अचूक आणला आणि आपल्या मोबाइलमध्ये मिनिट पुरं होताच चावी आत दाबली. मग तिचा हात डावीकडच्या चावीकडे गेला... आणि थांबला.

"खाला, छोट्या डायलमध्ये काय लावू?"

खालानं लाल अंगठा ओढणीत दाबला.

"तिकडचीच. दीड तास मागं."

सुगंधानं सव्वादहा लावले.

खालानं घड्याळ मनगटावर चढवलं. ते सरकत थेट कोपरापर्यंत गेलं. दोघींनाही हसू फुटलं.

"कड्या काढू का दोन-तीन?"

"काढ. डब्यात नाही ठेवणार आता. घालणार रोज."

सुगंधानं चार कड्या काढल्या आणि कागदात बांधून दिल्या. खाला उठली, हात दोनदा हलवून बघितला आणि बाजाराच्या अंगानं चालू लागली.

सुगंधा आत येऊन बसली. तुटलेला दात तिनं कागदाच्या पुडीत घातला, वर खालाचं नाव लिहिलं, चाकाचा नंबर लिहिला. चाचा बघत होते.

"चाचा."

"हं."

"शुक्रवारचं आता विचारणार नाही मी. किल्ली द्या कुणाला द्यायची त्याला. पण फॅक्टरीत मी जात नाही. तुमच्या पुतण्यानं कव्हरं लटकवली तर त्यांच्याखाली बसेन. उठवलं तर बाहेर बसेन. पण खालाच्यासारखी घड्याळं इथं येतात, आणि ती बघायला मला अजून येत नाही. ते आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चाचांनी ऐकलं.

मग भिंतीला धरून ते उठले. गादी सोडली. खोक्याच्या बाहेर पाय टाकला, चपला शोधल्या, वळसा घालून समोर आले आणि बाकावर गिऱ्हाईक बसतं तसे बसले.

त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्यापुढच्या टेबलाच्या काचेवर ठेवलं. सुगंधा नुसती बघत राहिली.

"बाई," चाचा म्हणाले, "हे रोज थोडं पुढं पळतंय. तुमच्या सवडीनं बघा... मला घाई नाही."