विस्तवाची खिडकी

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक भित्रा कासार राहत होता. भित्रा म्हणजे किती? मांजरानं पातेलं पाडलं, तरी हा काठी घेऊन उभा!

एकदा शेजारच्या गावी चोरी झाल्याचं कानावर आलं आणि कासाराच्या तोंडचं पाणीच पळालं. घरात बायको आणि पाळण्यातलं तान्हं बाळ. त्यानं बेत आखला. कुंपणाला बाभळीचे काटे लावले. दाराला सागवानी फळ्या ठोकल्या आणि आतून असा जाड अडसर बसवला, की सारा गाव लोटला तरी दार हलू नये.

मग त्याची नजर खिडकीकडे गेली. त्या गावात पाठीला पाठ लावून घरं असत आणि मधल्या भिंतीत एक खिडकी ठेवायची रीत होती. एकीची चूल विझली, की दुसरी तिथून विस्तव द्यायची. विरजण, मीठ, चहाड्या, सगळं तिथूनच. कासाराच्या पलीकडे एक म्हातारी तेलीण राहायची.

"ही बुजवायची," कासार म्हणाला.

"अहो, मग विस्तव कुठून आणू?" बायकोनं विचारलं.

"पुढच्या दारानं वळसा घालून जा. विस्तव येतो, तिथून चोरही येईल."

पलीकडून म्हातारी कडाडली, "चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस होय रे, मेल्या!"

पण कासारानं घाईघाईनं मातीत विटा रचल्याच.

पुढं एका दुपारी तो बाजारातून बांगड्या विकून परतला, तर बायको दारावर मुठी आपटत होती. पायाशी खापर फुटून निखारे विखुरले होते.

"विस्तव आणायला गेले होते हो! तेवढ्यात कुणीतरी आत शिरलं, अडसर घातला! बाळ आत आहे!"

कासारानं दाराला खांदा दिला. गावकरी धावले. दार हललं नाही. कसं हलणार? त्यानंच तसं करून घेतलं होतं. आत बाळ टाहो फोडत होतं.

आणि एकदम रडणं थांबलं.

 कासार आपल्याच दाराकडे खुळ्यासारखा बघत राहिला.

"अरे, खिडकी फोड!" बायकोमागून धावत आलेली तेलीण ओरडली. "माझ्या घरातून!"

तो भानावर आला. दोघींसह वळसा घालून तेलिणीच्या घरात शिरला आणि तिच्याच पहारीनं त्यानं विटांवर घाव घातले. मातीचं काम ते, भडाभडा ढासळलं. त्या आवाजानं चोर दचकला आणि अडसर काढून पळाला तो थेट गावकऱ्यांच्या हातात.

बायको भगदाडातून आत सरपटली. बाळाच्या तोंडात चोरानं फडकं कोंबलं होतं. तिनं ते ओढून काढलं. बाळ निळं पडलं होतं.  मग बाळानं असं भोकाड पसरलं, की बाहेरची माणसंसुद्धा रडली.

बायकोनं बाळ खिडकीतून पलीकडे दिलं. तेलिणीनं ते पदरात घेतलं.

"मावशी, चुकलो," कासार म्हणाला.

"आधी माझ्या घरातल्या विटा उचल," म्हातारी म्हणाली.

त्यानं विटा उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच तिच्या दारापुढं पायरी बांधून दिली. खिडकी मात्र तशीच उघडी ठेवली.

तात्पर्य: शेजाऱ्याची वाट बुजवून बसवलेला अडसर शेवटी चोराच्याच कामी येतो.