साडेसात मात्रा

"म्हणजे सोडून देऊ का, सर? एवढंच सांगा."

शमुवेल मास्तरांनी काठी पायांमधे उभी रोवली.

विचारणारा चारुदत्त मोघे. पुण्याचा, वय सेहेचाळीस, कसल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शनिवारी भर दुपारी गाडीत कीबोर्ड, स्टँड, स्पीकर असा सगळा संसार घालून तो नगरला आमच्या चर्चमध्ये येऊन धडकला होता.

मी लतीफ. बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. चर्चमधल्या पायपेटीचा भाता फाटला होता, त्याला कातड्याचं ठिगळ लावून नुकताच परत बसवला होता आणि डिंक वाळायची वाट बघत खाली फरशीवर बसलो होतो. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी गेलो नसतो.

मास्तरांनी ऐंशी ओलांडलीय. तरुणपणी अकरा वर्षं त्यांनी मुंबईच्या एका हॉटेलात विजेचा ऑर्गन वाजवला. सगळी इंग्लिश गाणी, सुटाबुटात. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून नगरला आले ते आलेच. तेव्हापासून रविवारची उपासना, ही पायपेटी आणि ते. पण त्यांचं नाव अजून कुणीकुणी काढतं, शोधत येतं.

"सोडायचं ते काय, ते तरी सांगशील?" मास्तर म्हणाले.

"ऑर्गन."

"कधी धरलास?"

"सोळाव्या वर्षी. हॉस्टेलवर एकाकडे कॅसेट होती. कॉपीची कॉपी. इंग्लंडचा बँड, रॉकवाला. एका गाण्यात मधे सहा मिनिटं नुसता ऑर्गन आहे. गिटार थांबते. गाणारा गप्प होतो. आणि तो माणूस... अहो सर, काय वाजवतो तो! डाव्या हाताने खालचा सूर धरून ठेवतो, सोडतच नाही. आणि उजवा सुटतो. शाळा सुटल्यावर पोरं जिन्यावरून धावतात ना, तसा. मग तो स्पीकरचा भोंगा गरगर फिरायला लागतो, सगळे सूर थरथरतात, आणि वाटतं आता हे छप्पर उडणार. अजून काटा येतो माझ्या अंगावर. हे बघा."

त्याने बाही वर करून हात पुढे केला. खरंच काटा आला होता. मी उठून बघितला.

मास्तरांनीही बघितला.

"मग?"

"तीस वर्षं तेच वाजवतोय. आता सुरान् सूर येतो. आमचा हौशी बँड आहे, लोक टाळ्या वाजवतात. म्हणतात, डोळे मिटले की तोच वाजवतोय असं वाटतं."

"चांगलंच की मग."

"नाही ना चांगलं! डोळे मिटले की तोच असतो. मग मी कुठे असतो?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "वाजतं, सर. पण येत नाही. मला त्याचं वाजवायचं नव्हतं हो. मला त्याच्यासारखं व्हायचं होतं."

मास्तरांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली.

"हं..." ते म्हणाले. "मलाही."

चारुदत्त म्हणाला, "आज तुमच्यापुढे वाजवतो. तुम्ही म्हणालात की यात काही नाही, तर घरी जाऊन या कीबोर्डवर खोळ घालणार, ती पुन्हा काढणार नाही. बायकोला तसं सांगून आलोय."

मला आधी वाटलं होतं, आणखी एक पुणेरी शहाणा, शाबासकी घ्यायला आलाय. पण हे बोलताना तो आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. मला वाईट वाटलं त्याचं.

"वाजव," मास्तर म्हणाले.

त्याने वाजवलं.

आता माझं काम पेटीच्या आतलं, मला त्या इंग्लिश गाण्यातलं काय कळतंय? पण बोटं अशी पळत होती की मी डिंकाचा डबा उघडाच विसरलो. चर्चच्या काचा झणझणल्या. एक कबुतर फडफडत बाहेर गेलं.

मास्तर मात्र खिडकीतून बाहेर चिंचेकडे बघत बसले होते. मला वाटलं, डोळा लागला की काय म्हाताऱ्याचा!

मधेच कुठेतरी, चौथ्या मिनिटाच्या सुमारास, त्यांनी एकदम मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

क्षणभरच. मग पुन्हा चिंच.

वाजवणं संपलं. चारुदत्तने मांडीला हात पुसले.

"मधे एक जागा घेतलीस," मास्तर शेवटी म्हणाले.

चारुदत्तचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"ऐकलीत? तीच! अहो, जगभर लोक हा तुकडा वाजवतात, पण ही जागा कुणी घेत नाही. ओळ चढत चाललेली असते आणि तो मधलं सगळं गिळतो. गिळतो आणि थेट पलीकडे उतरतो. साडेसात मात्रांत ओळ संपते! मला हातात बसवायला दोन वर्षं लागली. कॉलेजात लेक्चरला बसून बाकावर बोटांनी मोजायचो."

"ड्रमवाला काय करतो तिथे?"

"तोही गिळतो."

"आणि बेसवाला?"

"तोही! सगळेच्या सगळे एकदम. तीच तर कमाल आहे, सर. किती घोटून घेतलं असेल!"

"हल्ली मोबाइलवर मिळतं म्हणे सगळं. त्यात आहे का ही जागा?"

"नाही. ते नंतर गुळगुळीत करून टाकलंय. मूळ हे असं आहे. यावरून मी लोकांशी भांडलोय."

मी खाली ठिगळाकडे बघत राहिलो. आमच्या अब्बांकडे रेकॉर्ड वाजवायचा फोनो होता. तिघे जण एकदम कशाने उडी मारतात, ते मला कळून चुकलं होतं. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

मास्तर हळूच म्हणाले, "ओरखडा आहे रे तो."

"...काय?"

"ती रेकॉर्ड माझ्याकडे होती. मुंबईच्या खोलीवर. रोज तिच्याबरोबर बसून वाजवायचो मी. ओळ तिथे सरळ पुढे जाते. तुझी कॅसेट ज्या रेकॉर्डवरून भरली, तिच्यावर ओरखडा असणार. सुई उडाली. एक फेरा गाळला तिने."

चारुदत्तच्या हाताची बोटं मांडीवर आपोआप काहीतरी मोजायला लागली आणि मधेच थांबली.

मग तो हसला. ते हसणं काही बरं नव्हतं, कारण त्याच्या मागोमाग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी एका ओरखड्याची पूजा केली."

तो उठला. कीबोर्डची पिन काढली. स्टँडचे पाय मिटले. वायर कोपरावर गुंडाळायला लागला. एवढा मोठा माणूस, पण हरून घरी निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी म्हटलं, "अहो, चहा तरी घ्या." त्याला ऐकूच गेलं नाही.

मला मास्तरांचाच राग आला. खरं सांगायची एवढी काय घाई होती? लांबून आलाय, ठेवायचं होतं मनात.

तेवढ्यात मास्तर काठी टेकत उठले आणि सरळ पायपेटीपुढच्या बाकावर जाऊन बसले.

"मास्तर, डिंक ओला आहे!"

"असू दे."

"अहो, ठिगळ सुटेल!"

"गप रे, लतीफ."

त्यांनी पाय मारायला सुरुवात केली. भात्याने दम घेतला. आणि आमच्या त्या गरीब पायपेटीतून ती इंग्लिश ओळ चढत निघाली... हळू, जरा खरखरत, पण निघाली. त्या जागेपाशी आली आणि कोसळली.

मास्तरांनी पुन्हा घेतली. हातांनी उडी मारली, पण पाय जुन्याच मात्रेवर राहिले. सूर मधेच पिचला.

तिसऱ्यांदा घेतली. पुन्हा तेच.

"च्च," मास्तर म्हणाले. चिडले होते.

सव्वीस वर्षं ओळखतो मी त्यांना. एकाच ठिकाणी तीनदा चुकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चारुदत्त वायर हातात धरून तसाच उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सर, चेष्टा नका ना करू. आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"चेष्टा?" मास्तर वळले. "अरे, तू वाजवत होतास तेव्हा मला तोच ऐकू येत होता. माझ्या खोलीवरचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. छान होता. तो माझा ऐकलेलाच आहे, म्हणून मी बाहेर बघत बसलो... त्या जागेपाशी एकदाच मान वर केली."

"का?"

"कोण आलं म्हणून बघायला."

भात्यातून हवा निसटत होती. ठिगळ सुटलं होतंच. मी डिंकाच्या डब्याला झाकण लावलं.

चारुदत्तने वायर खाली ठेवली. पण जागचा हलला नाही.

मास्तर बाकावर कडेला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. तिच्यावर त्यांनी तळहात थोपटला.

"बस इथे," ते म्हणाले, "आणि हळू दाखव... मला ते येत नाहीये."