दिंडीतला मुजरा

चूक दरवाज्याची होती. सुताराला उगाच बोल लावू नका.

फार वर्षांपूर्वी एका राजवाड्याच्या मोठ्या दरवाज्यात, येण्याजाण्यापुरती एक छोटी दिंडी होती. डोकं आपटू नये म्हणून माणसं तिच्यातून वाकून आत यायची. दरवाज्याला वाटायचं, हा मुजरा आपल्यालाच. म्हाताऱ्यांना दुसऱ्याची वाकलेली पाठ दिसली, की तो आपलाच मान वाटतो.

पुढे राजे गेले, राजवाड्यात चित्रांचं संग्रहालय झालं. लोकांसाठी दरवाजा सताड उघडायचं ठरलं, तसा तो फुगून चौकटीत घट्ट बसला.

"वाकूनच यायचं," तो गुरगुरला.

लोक बिचारे वाकत राहिले. मग एक दिवस भिंतभर मोठं चित्र आलं. ते दिंडीतून जाईना. हमाल उन्हात ताटकळले.

"आजोबा, सरका की जरा," दरवाज्याची नवी कडी म्हणाली. "चित्राला कंबर नसते. ते वाकणार कसं?"

"कालची पोर तू! मी हत्ती अडवलेत."

"ते शत्रूचे होते. हे आपल्या घरी आलंय."

"माझा मान मोडून कुणी आत जायचं नाही."

शेवटी सुतार आला. त्याने बिजागऱ्या कापून दरवाजा उतरवला आणि चित्र आत गेलं. मागोमाग दरवाजाही आत गेला. दालनातल्या भिंतीला त्याला टेकवून ठेवलंय. एखादं पोर दिंडीत वाकून बघतं, पलीकडे भिंत दिसते, ते निघून जातं.

भिंतीला टेकल्यापासून दरवाजा कधी उघडला नाही.