तांबड्या खडकावरचं शेवाळ

समुद्राला गाजायचीही सवय झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात एका तांबड्या खडकावर लुसलुशीत शेवाळ होतं. कालिंदी नावाची बोटभर मासोळी ते जपायची. वाळूचा कण पडला, तरी तोंडात धरून बाहेर टाकायची. शेवाळावर जगणारा निळू मासा जवळ आला, की ती अंगावर धावून यायची. “चल फूट! खडक माझा आहे!”

भुकेने कासावीस झालेल्या निळूने अखेर सगळ्या शेवाळखाऊ माशांना गोळा केलं. “एकेकाला ती पळवते. सगळे एकदम घुसलो, तर कुणाकुणाच्या मागे धावेल?”

आणि काय सांगावं! भरतीच्या लाटेबरोबर अख्खी झुंड खडकावर तुटून पडली. कालिंदीने एकाला हुसकावलं, तोवर दहा जण चरायला लागले. दमून ती बिचारी कपारीत शिरली. निळूच्या आनंदाला उधाण आलं!

पोटं भरली, तसे सगळे पांगले. निळू मात्र तिथेच घिरट्या घालत राहिला. तेवढ्यात मघाशी त्याच्या शेजारीच चरलेला म्हातारा पोपटमासा आणखी एका घासासाठी परतला.

निळू त्याच्या अंगावर धावून गेला.

“चल फूट! खडक माझा आहे!”