हौश्याचा गूळ

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे त्यातला बैल तरी खरा आहे. मास्तर बऱ्यापैकी खरे आहेत. शिष्याबद्दल मात्र मी छातीठोकपणे काही सांगणार नाही, कारण त्याच्या आईनं मला तसं बजावलंय.

एकदा एक शिष्य आपल्या मास्तरांबरोबर गवतावरच्या टेनिसची स्पर्धा बघायला बसला होता. बघायला म्हणजे काय, दुपारी तीनला त्याचीच मॅच होती. तोवर बघायचं. पहिल्या फेरीचा पहिला दिवस. जिमखान्याची कोर्टं इतकी हिरवीगार, की शिष्याला तिकडं बघवत नव्हतं.

त्याचं आजवरचं सगळं टेनिस मातीवर झालेलं. माती माणसाला सांगून पाडते. आधी थोडं सरकवते, मग विचार करायला वेळ देते. गवत काही सांगत नाही. त्यात पहिले दोन दिवस ते कोवळं, रसरशीत असतं. फायनलपर्यंत तुडवून तुडवून त्याची रया जाते, मग पाय टिकतो. पण फायनल गाठायला आधी पहिल्या फेरीत उभं राहावं लागतं, ही त्यातली गोम.

हरण्याची त्याला भीती नव्हती. हरण्याचा त्याला चांगला सराव होता. भीती होती पडण्याची, तीही सहाशे लोकांसमोर, असलेल्या एकुलत्या एक पांढऱ्या कपड्यांत.

आणि त्या जिमखान्यात एक रीत होती. कोर्टावर जो पडेल, त्यानं संध्याकाळी हौश्याला गुळाचा खडा द्यायचा. हौश्या म्हणजे गवत दाबून सपाट करायचा जड रूळ कोर्टावर ओढणारा बैल. गवतावर खुरांचे वण उठू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांत चामड्याचे बूट असायचे. तुम्ही पडून जमिनीला खळगा पाडलात, तो हौश्यानंच दाबायचा, म्हणून त्याला गूळ. मुद्दाम झेप घेऊन पडलात तर माफ. चुकून पडलात तर सुटका नाही. संध्याकाळी रांग लागायची, आणि ती रांग बघायला मॅचपेक्षा जास्त गर्दी व्हायची.

शिष्याच्या खिशात चिठ्ठी होती. ‘पोट बिघडल्यामुळे खेळू शकत नाही.’ दोन वाजेपर्यंत नोंदणीच्या टेबलावर ती दिली, की सुटला. फक्त ही जागा मिळवायला मास्तरांनी दोन वर्षं पत्रं लिहिली होती, आणि एकदा माघार घेतलेल्याला इथं पुन्हा कुणी बोलवत नसे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला पडला. तो अव्वल मानांकित होता. आधी बुटाचा चर्रर्र आवाज आला, मग काहीच नाही, मग माणूस. दुसरा नेटकडे धावत निघाला आणि बसून पोचला. तिसऱ्याला स्ट्रेचरवरून नेलं. त्याचा गुडघा भलत्याच दिशेला बघत होता. चौथा अंपायर होता, तो खुर्चीवरून उतरताना घसरला.

मास्तर शेंगा सोलत होते. दर वेळी कुणी पडलं की म्हणायचे, “छान.”

“मास्तर, छान काय त्यात?”

“ऊन छान पडलंय.”

बारापर्यंत शिष्यानं सात जण मोजले. शेवटी तो उठून टेबलापाशी गेला. तिथं पेंढारकर बाई बसल्या होत्या.

“पोट की पाय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“अं?”

“चिठ्ठी आणलीस ना? सकाळपासून चार पोटं आली, दोन पाय. एकाची आजी वारली. ती आजी आत्ता चौथ्या रांगेत बसून डबा खातेय.”

“मी... टॉयलेट कुठंय विचारायला आलो होतो.”

“म्हणजे पोटच. दोनला चिठ्ठ्यांची पेटी बंद होते, लक्षात ठेव.”

तो परत येऊन बसला. जेवणाची सुट्टी झाली. जिमखान्याच्या माळ्यानं, म्हादूनं, हौश्याला रुळाला जुंपलं आणि रूळ कोर्टावर फिरायला लागला. रूळ जाईल तिथं गवत काचेसारखं चमकायला लागलं. शिष्याला वाटलं, आता याच्यावर माशीसुद्धा पडेल.

पावणेदोनला मास्तर अचानक उठले. “बस इथंच,” म्हणाले, “बैलाचे बूट जवळनं बघून येतो.”

मास्तरांचं वय शहात्तर. ते काठी टेकत कोर्टावर निघाले तसा शिष्यही उठला. त्यांची पाठ वळलेली बघून तो सरळ टेबलाकडे गेला. खिशातनं चिठ्ठी काढली. बाईंनी हात पुढं केला.

चर्रर्र.

मग काहीच नाही.

शिष्यानं वळून बघितलं. मास्तर बेसलाइनवर उताणे पडले होते, काठी लांब उडाली होती. आणि हौश्या मान खाली घालून, मागं तो एवढा रूळ घेऊन, सरळ त्यांच्याच दिशेनं येत होता. म्हादू मागनं ओरडत होता.

शिष्य पळाला. काय बघितलं, काय ओलांडलं, त्याला काही कळलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की मास्तरांचा हात हलत नाहीये. त्यानं जाऊन बैलाची वेसण धरली.

हौश्या केव्हाच थांबला होता. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याच्यासमोर इतकी माणसं पडली होती, की पडलेला माणूस म्हणजे गूळ, हे त्याला पाठ होतं.

“मास्तर! मास्तर, ऐकू येतंय का?”

मास्तरांनी डोळे उघडले. आभाळाकडे बघितलं. मग शिष्याकडे. मग त्याच्या पायांकडे.

“कुठनं आलास?”

“टेबलापासनं.”

“पायात काय आहे?”

शिष्यानं खाली बघितलं. पायात एक चप्पल होती. दुसरी मागं, कोर्टाच्या मधोमध पडली होती.

“सकाळपासनं चांगले बूटवाले पडले,” मास्तर पडल्या पडल्याच सावकाश म्हणाले. “तू एका चपलेवर, रूळ फिरलेल्या गवतावरनं आलास. तू का नाही पडलास?”

“माझं लक्ष तुमच्याकडे होतं.”

“झालं तर. जो आपलेच पाय बघत चालतो, त्याला गवत पाडतं. ज्याला कुणापर्यंत तरी पोचायचंय, त्याच्या वाटेला ते सहसा जात नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “सहसा, हं.”

शिष्याचे डोळे भरून आले. “म्हणजे मास्तर, मला शिकवायला तुम्ही मुद्दाम पडलात?”

“मग? या वयात मी उगाच पडेन होय? आता उचल मला. हळू. डावा हात धरू नकोस.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्याला चिठ्ठीची आठवण झाली. ती हौश्या चघळत होता.

“नवीन लिहितोस?” पेंढारकर बाईंनी लांबनं कागद हलवून विचारलं. “दोनला तीन मिनिटं आहेत!”

“नको, बाई. पोट बरंय.”

तीनला तो खेळला. भीती होतीच, कुठं जाणार? तिसऱ्याच पॉइंटला तो पडला. गुडघ्यावर हा एवढा हिरवा डाग. उठला. नंतर आणखी एकदा पडला, तेव्हा डाग कुठं लागला ते बघायचंही विसरला. शेवटी हरला. सराव होता, म्हटलं ना. पण मॅच तिसऱ्या सेटपर्यंत लांबवली.

संध्याकाळी तो गूळ घेऊन गोठ्याकडे गेला. रांग टाळावी म्हणून मागच्या बाजूनं गेला. तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. डावा हात झोळीत, आणि उजव्या हातानं हौश्याला गुळाचा खडा भरवत.

मुद्दाम पडणाऱ्याला गूळ माफ असतो.

शिष्य जागच्या जागी थांबला. म्हणजे पाठीवर पडल्या पडल्या, रूळ डोक्याशी उभा असताना, मोडक्या हातानिशी या माणसानं आधी शिष्याच्या पायांकडे बघितलं होतं.

मास्तरांनी त्याला बघितलं. शिष्यानं पुढं होऊन आपले दोन खडे हौश्यासमोर धरले.

“हात कसा आहे, मास्तर?”

“छान,” मास्तर म्हणाले.

संपली गोष्ट. आता एकच. मघाशी तो अंपायर पडला तेव्हा तुम्ही हसलात, ते मी बघितलंय. जो कधी चुकून पडलाच नाही, तो असा हसत नाही. बैल खरा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तो बाहेर उभा आहे.

काढा गूळ.